बोलता येत नसेल तेव्हा ९९९: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये काही झालं तर ९९९ फिरवायचा, हे इथे उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं. याच नंबरला साधा एसएमएस करूनही ॲम्ब्युलन्स, पोलीस, फायर ब्रिगेड किंवा कोस्टगार्ड बोलावता येतात, हे मात्र वर्षानुवर्षं इथे राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांतल्या अनेकांना त्यातली मेख माहीत नसते. तुमचा मोबाइल नंबर या सेवेकडे आधी नोंदवलेला असावा लागतो. नोंदणी नसेल तर ऐनवेळी मेसेज उपयोगाचा नाही, आणि ऐनवेळी नोंदणी करत बसायला कुणाला सुचतंय? म्हणून नोंदणीचा भाग आधी वाचा, ती उरकून टाका आणि मग निवांत बाकीचं वाचा. फार तर पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

ही सोय २००९ मध्ये चाचणी म्हणून सुरू झाली ती ऐकू न येणाऱ्या आणि बोलता न येणाऱ्या लोकांसाठी. आजही ती मुख्यतः त्यांचीच आहे. पण बोलता न येण्याची वेळ कुणावरही येऊ शकते. पक्षाघाताच्या झटक्यात जीभ जड होते. ॲलर्जीने घसा सुजतो. घरात कुणी शिरलंय आणि तुम्ही कपाटामागे आहात. डोंगरात रेंज इतकी कमी की कॉल लागतो आणि दुसऱ्या सेकंदाला तुटतो. इथल्या गिर्यारोहण संस्था आणि माउंटन रेस्क्यूची पथकंही डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला नंबर नोंदवून ठेवायला सांगतात ते यासाठीच.

नोंदणी

मोबाइलवर नवा मेसेज उघडा. ‘कुणाला’ या जागी ९९९ टाका. मजकुरात ‘रजिस्टर’ हा एकच इंग्रजी शब्द, इंग्रजी अक्षरांतच लिहा: आर, ई, जी, आय, एस, टी, ई, आर. पाठवा. ‘नुसती नोंदणी करायला थेट ९९९ ला मेसेज कसा पाठवू, पोलीस दारात येऊन उभे राहतील’ ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. कुणी येत नाही. नोंदणीची पद्धतच ती आहे.

थोड्या वेळात सेवेची माहिती देणारे काही मेसेज येतात. ते वाचा, शेवटी ‘येस’ असं उत्तर पाठवायला सांगितलेलं असतं. इथेच बरेच जण थांबतात. माहिती आली म्हणजे काम झालं असं समजून फोन खिशात टाकतात आणि नोंदणी अर्धीच राहते. ‘येस’ पाठवल्यावर तुमचा नंबर यादीत घेतला आहे असा आणखी एक मेसेज येतो. तो आला की झालं. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे कधी शंका आली तर बरं पडतं.

आता आपल्या लोकांच्या फोनमधली खास भानगड. एकाच फोनमध्ये दोन सिम असतात: एक इथलं, एक बँकेच्या ओटीपीसाठी जपून ठेवलेलं भारतातलं. मेसेज कोणत्या सिमवरून जातो हे सेटिंगवर ठरतं, आणि भारतातून आणलेल्या फोनमध्ये ते बहुतेक वेळा भारतीय सिमवरच असतं. ९९९ ला मेसेज इथल्या सिमवरूनच जायला हवा. पाठवण्याच्या बटणाशेजारी सिमचा क्रमांक दिसत असेल तर तो बघा, नाहीतर सेटिंगमध्ये जाऊन मेसेजसाठी इथलं सिम कायमचं निवडून टाका. नुसतं इंटरनेट देणारं प्रवासी ई-सिम घेतलं असेल तर त्यावरून एसएमएस जातच नाही.

नोंदणी माणसाची होत नाही, नंबरची होते. घरात चार फोन असतील तर चौघांनी आपापल्या फोनवरून करायची. नंबर बदलला की पुन्हा करायची. ज्या मुलांना फोन दिला आहे त्यांच्याकडूनही तुमच्यासमोर करून घ्या.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. नोंदणी झाल्यावर ‘चालतंय का बघू’ म्हणून खोटा मदतीचा मेसेज पाठवू नका. पलीकडे जिवंत माणसं बसलेली असतात, आणि ९९९ ला मुद्दाम खोटी वर्दी देणं हा इथे गुन्हा आहे.

आधी कॉल, जमत नसेल तर मेसेज

नोंदणी झाली म्हणजे आता सगळं मेसेजवरच, असं नाही. बोलता येत असेल तर कॉलच करा. मेसेज थेट पोलिसांच्या किंवा ॲम्ब्युलन्सच्या टेबलावर पडत नाही. तो आधी रिले सेवेतल्या सहायकाकडे जातो, तो सहायक ९९९ च्या ऑपरेटरला आणि पुढे संबंधित सेवेला तुमचा मजकूर वाचून दाखवतो, त्यांचे प्रश्न टाइप करून तुम्हाला पाठवतो, तुमचं उत्तर पुन्हा वाचून दाखवतो. कॉलवर तीस सेकंदांत होणारी प्रश्नोत्तरं इथे काही मिनिटं घेतात. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. शिवाय कॉलवर समोरची व्यक्ती छाती कशी दाबायची ते मोजून देत राहते. मेसेजवर ते जमत नाही.

‘माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून मेसेज बरा’ हेही ऐकायला मिळतं. उलट आहे. ॲम्ब्युलन्स सेवांकडे फोनवरून दुभाषे जोडून घेण्याची सोय असते. कॉल लागल्यावर हवी ती सेवा सांगा, पत्ता सांगा आणि ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढा एक शब्द म्हणा. मेसेज मात्र इंग्रजीतच लिहावा लागतो.

तिसरं कारण तांत्रिक आहे, पण जिवाशी गाठ असलेलं. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी ९९९ चा कॉल जवळपास ज्या कुठल्या कंपनीचं नेटवर्क असेल त्यावरून जातो. स्क्रीनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ असं दिसतं ते तेव्हाच. एसएमएसला ही सवलत नाही, तो तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या नेटवर्कवरूनच जातो. म्हणजे ती ओळ दिसत असताना मेसेज पाठवत बसणं व्यर्थ आहे. तिथे कॉलच लावून बघा. फोनमध्ये सिमच नसेल तर ब्रिटनमध्ये ९९९ चा कॉलही लागत नाही, म्हणून जुना फोन ‘निदान इमर्जन्सीला होईल’ म्हणून विनासिमचा आजींच्या उशाशी ठेवू नका.

व्हॉट्सॲपवरून ९९९ ला काही पाठवता येत नाही. फोटो, व्हिडिओ, आवाजाचा मेसेज यांतलं काहीच या सेवेत चालत नाही. साधा मजकूर, बस.

नंबरांचा घोळ

भारतातून येताना आपण आपल्या डोक्यातले नंबर बरोबर घेऊन येतो. आता महाराष्ट्रात ११२ हा एकच नंबर सगळ्यासाठी असला तरी १००, १०१, १०८ हे आकडे हातात बसलेले असतात. त्यांतला १०१ इथे घात करतो. तिकडे तो फायर ब्रिगेडचा. इथे तो पोलिसांचा, तोही तातडी नसलेल्या कामांसाठी. सायकल चोरीला गेल्याचं कळवायला १०१ ठीक, स्वयंपाकघर पेटलेलं असताना नाही. तब्येतीची तातडी नसलेली विचारपूस १११ वर. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९, आणि तो फोन घराबाहेर जाऊन करायचा, आत दिव्याचं बटणही न दाबता. ११२ इथेही चालतो, कॉल केलात तर तो ९९९ च्याच ठिकाणी जातो. पण एसएमएससाठी ९९९ च डोक्यात ठेवा.

रेल्वेत कुणी त्रास देत असेल, पण जिवाला धोका नसेल, तर ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांचा ६१०१६ हा एसएमएस नंबर आहे. लोकल डब्यात शेजारी बसलेल्याला न कळता तक्रार करायला तो फार कामाचा. त्यासाठी आधी नोंदणी लागत नाही. धोका असेल तर तिथेही ९९९.

मेसेजात काय लिहायचं

तीन गोष्टी: कोणती सेवा हवी, काय झालंय, कुठे. याच क्रमाने लिहा, कारण पलीकडचा सहायक पहिला शब्द वाचूनच पुढे कुठे जोडायचं ते ठरवतो.

घाबरलेलं माणूस साधारण असं लिहितं. सोयीसाठी इथे देवनागरीत देतो, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचं:

‘प्लीज हेल्प माय हजबंड इज नॉट वेल प्लीज कम फास्ट ही इज इन लॉट ऑफ पेन’

यात सेवा नाही, पत्ता नाही, आणि ‘नॉट वेल’ म्हणजे सर्दीपासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही. सहायकाला यावर तीन प्रश्न विचारावे लागतील आणि प्रत्येक प्रश्नाच्या जाण्यायेण्यात वेळ जाईल. तीच परिस्थिती अशी लिहा:

‘अँब्युलन्स. मॅन ६८, चेस्ट पेन, स्वेटिंग, अवेक. फ्लॅट ३,’ आणि पुढे इमारतीचा नंबर, रस्ता, गाव, पोस्टकोड. शेवटी ‘आय अ‍ॅम डेफ’ किंवा ‘कान्ट स्पीक’.

वय, मुख्य तक्रार, शुद्धीत आहे की नाही, श्वास चालू आहे की नाही. एवढ्यावर ॲम्ब्युलन्सवाले किती घाई करायची ते ठरवू शकतात. ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ गाळा, इथे कुणी राग मानत नाही. ‘यू’ ऐवजी एकच अक्षर, अंकाचा शब्द म्हणून वापर असली आपली चॅटची लघुरूपंही गाळा. दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा मजकूर आहे तो.

साध्या इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात एक जरी देवनागरी अक्षर किंवा इमोजी घुसला की मर्यादा ७० वर येते आणि मेसेजचे तुकडे पडतात. मराठी कीबोर्ड चालू ठेवणाऱ्यांनी आधी तो इंग्रजीवर आणायचा. ऑटोकरेक्टवरही नजर असू द्या, आपली आडनावं आणि वेल्श गावांची नावं तो मन मानेल तशी बदलतो.

घरचा पत्ता असलेला एक मेसेज आजच अर्धा लिहून फोनच्या नोट्समध्ये ठेवलात तर प्रसंगी फक्त पुढचे चार शब्द टाकायचे राहतात. हे मी ज्यांना ज्यांना नोंदणी करून दिली त्या सगळ्यांकडून करून घेतो. एका मैत्रिणीच्या सासूबाईंना ऐकू येत नाही. दिवसभर घरी एकट्या. त्यांच्या नोट्समध्ये आम्ही तीन ओळी तयार करून ठेवल्या, ‘अँब्युलन्स’, ‘पोलीस’ आणि ‘फायर’ अशा सुरुवातीच्या, प्रत्येकीपुढे पूर्ण पत्ता आणि ‘डेफ, ७४, अलोन’. कॉपी कशी करायची, ९९९ च्या मेसेजात चिकटवायची कशी, पाठवायचं बटण न दाबता परत कसं यायचं, याची उजळणी त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटता लाटता केली. पीठ लागलेल्या बोटाने स्क्रीन नीट चालत नाही हे त्यांच्याच लक्षात आलं. ओट्याच्या कडेला एक कोरडा नॅपकिन आता कायम असतो.

पाठवल्यानंतर

मेसेज गेला म्हणजे मदत निघाली असं नाही. उत्तर आलं म्हणजे कुणीतरी वाचलं. या दोन गोष्टींत गल्लत करू नका. फोनमध्ये ‘डिलिव्हरी रिपोर्ट’ची सोय असेल तर चालू ठेवा, पण ‘डिलिव्हर्ड’ दिसलं तरी ते उत्तर नव्हे.

उत्तर साधारण दोन मिनिटांत येतं. तीन मिनिटं होऊनही आलं नाही तर मेसेज पुन्हा पाठवा. त्या तीन मिनिटांत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. शेजाऱ्याचं दार वाजवा, रस्त्यावरच्या कुणाला तरी फोन दाखवून कॉल करायला लावा. इथे शेजाऱ्याला त्रास कशाला द्यायचा हा संकोच आपल्याला फार लवकर लागतो. या वेळी तो बाजूला ठेवायचा.

उत्तरात बहुधा आणखी प्रश्न येतील. रुग्ण श्वास घेतोय का, हल्लेखोर अजून तिथे आहे का, नेमक्या कोणत्या मजल्यावर. दोन-तीन शब्दांत उत्तर द्या. मेसेजचं पान उघडंच ठेवा, मध्येच व्हॉट्सॲपवर पुण्याला कळवायला जाऊ नका.

पत्ता: आपण सगळ्यात जास्त चुकतो ते इथे

‘देवळासमोरच्या गल्लीत, मेडिकलच्या वर’ यावर आपलं आयुष्य गेलेलं असतं आणि तिकडे ते चालतंही. इथे चालत नाही. स्टेशन रोड, चर्च रोड, हाय स्ट्रीट ही नावं गावोगावी आहेत, लंडनमध्ये तर एकेका नावाचे कित्येक रस्ते. नुसतं ‘स्टेशन रोड’ म्हणजे काहीच नाही.

पोस्टकोड पाठ पाहिजे. आपल्याकडच्या पिनकोडमध्ये अख्खा परिसर येतो. इथल्या एका पोस्टकोडमध्ये सरासरी पंधराएक पत्तेच असतात. म्हणजे घराचा नंबर आणि पोस्टकोड एवढ्यावर गाडी जवळजवळ दारात येते. मुलांना पहिल्या महिन्यातच पाठ करून घ्या. नव्याने आलेल्या आई-बाबांसाठी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा: घर, रस्ता, पोस्टकोड, इमारतीच्या मुख्य दाराचा कोड. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तो दाराचा कोड मेसेजात जायलाच हवा, नाहीतर पॅरामेडिक खाली उभे आणि तुम्ही वर.

बाहेर असाल तर आजूबाजूला लिहिलेलं शोधा. बसस्टॉपला नाव असतं आणि शहरात पुष्कळदा एक अक्षरही असतं. दिव्याच्या खांबांवर बहुधा नंबर असतात. दुकानाच्या पाटीवर, पत्रपेटीवर, बिलावर पोस्टकोड सापडू शकतो. मोटरवेवर असाल तर कडेला दर १०० मीटरवर खुणेचा छोटा खांब असतो, आणि बऱ्याच मोटरवेंवर दर ५०० मीटरच्या आसपास निळी पाटी: रस्त्याचं नाव, दिशेचं अक्षर, आणि किलोमीटर. ती पाटी जशीच्या तशी उतरवा. ‘लंडनहून बर्मिंगहॅमला जाताना एम-वनवर’ म्हणजे कित्येक मैलांत कुठेही.

गुगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. कागद-पेन्सिल नको, कॉपी करून थेट मेसेजात टाका. तीन शब्दांत जागा सांगणारं ‘व्हॉट थ्री वर्ड्स’ इथल्या बऱ्याच आपत्कालीन सेवा स्वीकारतात, पण मला विचाराल तर तो एकटा आधार नको. एका शब्दाचं अनेकवचन चुकलं की ठिकाण कुठल्या कुठे जातं. त्याच्या जोडीला जवळची ओळखीची जागा लिहा.

डोंगरात

सह्याद्रीत वाढलेल्यांना इथले डोंगर टेकड्यांसारखे वाटतात. कळसूबाई १६४६ मीटर; ब्रिटनमधला सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५, वेल्समधला स्नोडन १०८५, इंग्लंडमधला स्काफेल पाइक तर ९७८. आकड्यांवर जाऊ नका. जुलैतही वर धुकं, गार वारा आणि पाऊस एकत्र भेटतात, आणि पाय मुरगळून एका जागी बसावं लागलं की तासाभरात दात वाजायला लागतात. हरिश्चंद्रगडावर रात्र काढली तशी इथे टी-शर्टवर निघत नाही.

मदत हवी असेल तर इथे एक गोष्ट वेगळी आहे. मेसेजात आधी ‘पोलीस’ आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ लिहायचं. बचाव पथकं पोलिसांमार्फत बोलावली जातात. नुसतं ‘अँब्युलन्स’ लिहिलंत तर गाडी पायथ्याच्या रस्त्यापर्यंत येण्याचा विचार सुरू होईल. ही पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. बिलाच्या भीतीने कळवायला उशीर करू नका.

जागा ग्रिड रेफरन्सने, म्हणजे नकाशावरच्या चौकटींच्या क्रमांकाने सांगतात: दोन अक्षरं आणि सहा आकडे. त्यातून शंभर मीटरचा चौकोन कळतो. स्काफेल पाइकचा माथा ‘एनवाय २१५ ०७२’. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या ‘ओएस लोकेट’ ॲपवर हा आकडा रेंज नसतानाही दिसतो, कारण त्याला लागतं ते फक्त जीपीएस. निघण्याआधी ॲप उतरवून एकदा परसात उभं राहून बघा. मेसेज असा काहीसा:

‘पोलीस, माउंटन रेस्क्यू. वुमन ३४, ब्रोकन अँकल, कान्ट वॉक. एनवाय २१५ ०७२, नियर स्काफेल पाइक समिट. ३ पीपल, कोल्ड, बॅटरी २० पर्सेंट.’

किती जण आहात, बॅटरी किती, हे दोन तपशील डोंगरात मोलाचे. बॅटरी कमी असेल तर त्यांना प्रश्न मोजून विचारता येतात.

एसएमएसचा डोंगरातला फायदा हा की कॉलला सलग रेंज लागते, मेसेजला क्षणभर पुरते. ‘नॉट सेंट’ दिसलं तर खडकाच्या आडून बाहेर या, थोडं उंच जा, फोन हातभर वर धरून पुन्हा पाठवा. जखमी माणसाला मात्र हलवू नका, दुसऱ्याने जावं. एकाच फोनवर भरवसा ठेवू नका. गटात वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतील तर ज्याच्या फोनवर दांड्या दिसताहेत त्याने पाठवायचं. म्हणून गटातल्या सगळ्यांची नोंदणी हवी. एकदा पत्ता पाठवला की तिथेच थांबा. ‘थोडं खाली उतरू म्हणजे त्यांना बरं पडेल’ या समजुतीपायी पथकं रिकाम्या खडकाशी पोचतात.

फोन पूर्णच गेला तर शिट्टी. एका मिनिटात सहा फुंकी, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. अंधारात हेच टॉर्चने.

लपलेले असाल तर

घरातल्याच माणसाचा धोका असलेल्या बायकांसाठी हा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. मेसेज पाठवण्याआधी फोन पूर्ण सायलेंट करा. व्हायब्रेशनही बंद करा, शांत खोलीत लाकडी टेबलावरचा थरथराट दुसऱ्या खोलीत जातो. उत्तरं येत राहणार आहेत, पहिल्या उत्तराच्या ‘टिंग’ने सगळं उघडं पडू नये. मेसेजात ‘डू नॉट कॉल’ लिहा. नोंदणीचे मेसेज कुणाच्या नजरेला पडण्याची भीती असेल तर ते पुसून टाका, पुसल्याने नोंदणी जात नाही.

नोंदणी नसेल तर दुसरी वाट आहे. मोबाइलवरून ९९९ ला कॉल करा. ऑपरेटर कोणती सेवा हवी विचारतो. बोलता आलं नाही तर खोकायला किंवा स्क्रीनवर टकटक करायला सांगतो. तेही ऐकू आलं नाही तर ध्वनिमुद्रित सूचना लागते आणि ५५ दाबायला सांगते. दाबलंत की कॉल पोलिसांकडे जातो. न दाबल्यास तो बहुधा तिथेच संपतो. कुजबुजत्या आवाजात का होईना बोलता आलं तर उत्तम. ५५ दाबल्याने तुम्ही कुठे आहात ते पोलिसांना आपोआप कळतं असा समज पसरलेला आहे. तसं नाही. शक्य होईल तेव्हा पत्ता सांगायलाच हवा. ५५ फक्त मोबाइलवर चालतं.

तातडी टळल्यानंतर बोलायला कुणी हवं असेल तर इंग्लंडमध्ये ०८०८ २००० २४७ ही घरगुती अत्याचारासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चोवीस तास, फुकट. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे म्हणून फोन करायचा नाही, असं काही नसतं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी आणखी दोन वाटा

‘रिले यूके’च्या ॲपमधून टाइप करत संभाषण करता येतं, मधला सहायक ते वाचून दाखवतो. मेसेजपेक्षा हे सलग चालतं, पण इंटरनेट लागतं. जून २०२२ पासून ‘९९९ बीएसएल’ ही व्हिडिओची सेवाही आहे: ॲप उघडलं की सांकेतिक भाषेचा दुभाषा समोर येतो, चोवीस तास. मात्र ती ब्रिटिश सांकेतिक भाषा. भारतीय सांकेतिक भाषा शिकून इथे आलेल्याला ती वेगळी शिकावी लागते, आणि ती शिकेपर्यंत एसएमएस हाच भरवशाचा मार्ग.

पाहुणे, आणि सीमेपलीकडे

सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा रोमिंगवरच्या भारतीय सिमवरून ९९९ ला कॉल करू शकतात, पण एसएमएसची ही सेवा त्यांना मिळत नाही. त्यांना आल्या दिवशी इथलं साधं प्रीपेड सिम घेऊन द्या आणि त्या नंबरची नोंदणी करा. ते परत गेल्यावर सिम ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर बऱ्याच कंपन्या काही महिन्यांनी नंबर बंद करतात, तेव्हा पुढच्या खेपेला तो चालू आहे असं गृहीत धरू नका. नवा नंबर, नवी नोंदणी.

ही नोंदणी युनायटेड किंगडमपुरती आहे: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. बेलफास्टहून गाडीने डब्लिनला गेलात तर वाटेत फलक बदलतात तेवढंच, पण तो दुसरा देश आहे. तिथली एसएमएस सेवा ११२ वर, वेगळी, आणि तिचीही आधी नोंदणी करावी लागते. सुट्टीला स्पेन किंवा भारतात गेलात तर इथली नोंदणी तिथे चालत नाही. तिथला नंबर विमानात बसण्याआधीच बघून ठेवा.